नाण्यांच्या नांवांची कुळकथा

नाणें बंद पडतें, परंतु त्याचें नांव भाषेंत चालतच राहतें. ‘दमडी’चें मूळ ‘द्रम्म’, आणि द्रम्माचें मूळ ग्रीकांचें ‘द्राख्मा’ हें नाणें होय. जालना हैदराबाद संस्थानांत होतें, तेव्हां येथें ‘हाली सिक्का’ चाले. हाली म्हणजे चालू. आज तोच चालू नाहीं! १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर पैसे झाले. तत्पूर्वीं त्याचे सोळा आणे होत. म्हणूनच ‘सोळा आणे खरें’ म्हणजे पूर्ण खरें. ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ या म्हणींतही बेरीज बरोबर एक रुपयाच होते. हा हिशेब पालकांनीं मुलांस सांगावा. एरव्हीं म्हण तोंडीं राहील, अर्थ मात्र आण्यामागोमाग जाईल.