वस्तीवरचा जुना कुत्रा आणि नवे पिल्लू : ओळख कशी करून द्यावी?

शिरूर तालुक्यातील कवठे येमाई व परिसरात अनेक शेतकरी कुटुंबे शेतातील वस्तीवर राहतात. भोवती ऊस, गोठ्यात गाई, शेळ्या आणि राखणीला कुत्रा असतो. कुत्रा सात-आठ वर्षांचा झाला, की त्याचे ऐकणे व धावणे हळूहळू कमी होते आणि शेतकरी नवे पिल्लू आणतो. हे योग्यच आहे, कारण जुन्या कुत्र्याच्या सोबतीने पिल्लू राखण लवकर शिकते. मात्र, पिल्लू आणून थेट जुन्या कुत्र्यापुढे सोडू नये. मोठा कुत्रा लहान पिल्लाला चावत नाही, हा समज नेहमीच खरा ठरत नाही. त्याच्या एका चाव्याने पिल्लू दगावू शकते.

पिल्लू आणण्यापूर्वी

पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळ राहू द्यावे. जुन्या कुत्र्याचे लसीकरण पूर्ण आहे का ते पाहावे, त्याला जंतनाशक द्यावे व गोचिडांचा बंदोबस्त करावा. कुत्री व्यालेली किंवा माजावर असल्यास त्या काळात नवे पिल्लू आणू नये.

वस्तीवर वर्षभरात एखादा कुत्रा रक्ती हगवण व उलट्या होऊन मेला असल्यास पशुवैद्यकांना तसे सांगावे. तो पार्व्हो रोग असू शकतो. त्याचे विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतात आणि फिनाईलने मरतीलच असे नाही.

पहिले दहा ते चौदा दिवस

पिल्लू वेगळ्या, बंद व कोरड्या जागेत ठेवावे. अंगात रोग असल्यास तो या काळात बहुधा दिसून येतो. पार्व्हो व डिस्टेंपरची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात द्यावी. पुढील मात्रा तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत द्याव्यात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात टोचावी व पुढे पशुवैद्यकांच्या सल्ल्याने दरवर्षी द्यावी.

पिल्लू निरोगी दिसत असल्यास काही दिवसांनी त्याच्या अंथरुणाचे गोणपाट जुन्या कुत्र्याजवळ व त्याचे पिल्लाजवळ ठेवावे. कुत्रा आधी वासाने ओळखतो. वासाची सवय झाली, की भेट सोपी जाते.

पहिली भेट

ही भेट दाराशी, गोठ्यात किंवा कुत्र्याच्या नेहमीच्या बसण्याच्या जागी घडवू नये. ती जागा तो आपली समजून राखतो. एखादे मोकळे वावर निवडावे. तेथे गावातील मोकाट कुत्री येत नसावीत, कारण पिल्लाच्या लसी अजून अपुऱ्या असतात. दोन माणसांनी दोघांना धरावे. साखळी सैल ठेवावी. ताणलेल्या साखळीने कुत्रा अधिक चिडतो. भेट पाच मिनिटांत आटोपावी आणि रोज थोडी वाढवावी.

अंग सैल, शेपटी सहज हलती आणि वास घेऊन कुत्रा बाजूला होत असेल, तर चिंता नाही. अंग ताठ, पाठीवरचे केस उभे व नजर रोखलेली दिसल्यास दोघांना लगेच दूर न्यावे. गुरगुरणे हा इशारा असतो. त्यासाठी कुत्र्याला मारू नये. मार खाल्लेला कुत्रा पुढे इशारा न देता चावतो.

खाणे व जागा

दोघांची भांडी एकमेकांपासून दूर ठेवावीत. जुन्याला आधी वाढावे व त्याची बसण्याची जागा बदलू नये. पिल्लू सतत अंगावर चढते, शेपटी ओढते. म्हाताऱ्या कुत्र्याला विश्रांती मिळावी म्हणून पिल्लाला दिवसातून काही वेळ वेगळे ठेवावे. घरात कोणी नसताना दोघांना एकत्र सोडू नये. हा नियम पहिले काही आठवडे तरी कटाक्षाने पाळावा.

रात्रीची व्यवस्था

जुन्नर वनविभागात शिरूर तालुकाही येतो. या भागात उसात बिबट्याचा वावर आहे आणि कुत्रा हे त्याचे सहज मिळणारे भक्ष्य आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये याच तालुक्यातील पिंपरखेड व जांबूत येथे बिबट्याच्या हल्ल्यांत माणसांचेही बळी गेले. त्यामुळे रात्री पिल्लू अंगणात ठेवू नये. साखळीने बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. दोघांनाही बंद गोठ्यात किंवा मजबूत जाळीच्या खोलीत ठेवावे. पूर्ण ओळख होईपर्यंत मध्ये आडोसा असावा. पिल्लाला फिरवण्याचे काम अंधारात मुलांवर सोपवू नये.

भांडण झाल्यास

मध्ये हात घालू नये. बादलीभर पाणी टाकावे किंवा दोघांमध्ये फळी सरकवावी. माणसाला चावा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच सरकारी दवाखाना गाठावा. हळद, मिरची किंवा चुना लावू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचण्याची आशा जवळजवळ नसते.

काही कुत्री आठवडाभरात रुळतात, काहींना महिना-दोन महिने लागतात. म्हणून घाई करू नये. जुन्या कुत्र्याचा मान राखून पिल्लू वाढवले, तर वस्तीला राखणदाराची पुढची पिढी तयार मिळते.