आवर्तन आणि लूप : सिंथेसायझरच्या ध्वनींची थररचना
(रायपूरच्या धुमाल वादनाच्या संदर्भात)

भारतीय संगीतशास्त्रातील ‘आवर्तन’ आणि विद्युत्-संगीतातील ‘लूप’ या दोन संज्ञा सकृद्दर्शनी समानार्थी वाटतात. दोन्हींत एक ठरावीक कालखंड पुनःपुन्हा येतो. तथापि आवर्तन समेवर पोहोचते, तर लूप केवळ आरंभबिंदूवर परततो. सॅम्पलर या यंत्राच्या साहाय्याने सिंथेसायझरचे ध्वनी मुद्रित करून त्यांचे थर कसे रचले जातात, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाचे आहे. त्याचबरोबर, ही प्रक्रिया तालविचाराच्या चौकटीत समजून घेतल्यास यंत्राची मर्यादाही उमजते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१. रायपूरची पार्श्वभूमी

नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे स्थायिक होत गेली. रायपूरचा तात्यापारा हा भाग आणि १९३५ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ या वस्तीची साक्ष देतात. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले; परंतु नागपूर आणि रायपूर-दुर्ग या पट्ट्यातील सांस्कृतिक देवघेव त्यामुळे थांबली नाही. धुमाल हे तिचे ठळक उदाहरण होय. गणेशोत्सवाच्या आणि लग्नाच्या मिरवणुकांत ढोल-ताशांच्या जोडीला गाडीवर कीबोर्ड, पॅड आणि ध्वनिवर्धक घेऊन चालणारी ही वादनपद्धती दोन्ही प्रदेशांत सारखीच लोकप्रिय आहे. निसान, दफडा, टिमकी आणि मोहरी यांचा छत्तीसगडी गडवा बाजा हा या प्रदेशाचा जुना वारसा. धुमालमध्ये मोहरीच्या जागी बहुधा कीबोर्डचा तीक्ष्ण स्वर ऐकू येतो.

याच राज्यातील खैरागढ येथे १९५६ मध्ये इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले. भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे त्याचे कुलगुरू होते. भातखंडे पद्धतीत समेसाठी गुणाकाराचे चिन्ह आणि खालीसाठी शून्य लिहितात. पुढील विवेचनात हीच खूण उपयोगी पडणार आहे.

२. तीन यंत्रे, तीन कार्ये

सिंथेसायझर ध्वनी निर्माण करतो, सीक्वेन्सर स्वरांचा क्रम लक्षात ठेवतो आणि सॅम्पलर प्रत्यक्ष ध्वनीच साठवतो. हा भेद ध्यानात न घेतल्यास पुष्कळ गोंधळ होतो. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग डिस्को ठेक्यावर बांधले. त्यांनी रोलंड कंपनीची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रे वापरली. त्या ध्वनिमुद्रिकेत आवर्तने अखंड फिरतात. पण तेथे यंत्राने स्वरांच्या आज्ञा पुन्हा दिल्या आहेत, मुद्रित ध्वनी पुन्हा वाजविलेला नाही.

सॅम्पलरपूर्वी हे काम चुंबकीय फितीने होत असे. फितीचा तुकडा कापून त्याची टोके जोडली की तो गोल फिरत राही. ‘लूप’ ही संज्ञाच या वेटोळ्यावरून आली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर उभा केला, तेव्हा मुद्रणाचे साधन फीतच होते. १९७९ च्या फेअरलाइट यंत्रापासून ध्वनी अंकरूपात साठविण्याची पद्धत संगीतात रुळू लागली. १९८७ च्या एसपी-१२०० या सॅम्पलरची एकूण क्षमता अवघी दहा सेकंदांची होती. त्यामुळे कोणता ध्वनी ठेवावा आणि कोणता टाकावा, हा निर्णय वादकाला करावाच लागे. धुमालमध्ये परिचित असलेल्या ऑक्टापॅडचा प्रवास १९८५ मध्ये सुरू झाला. त्याच घराण्यातील २००३ च्या एसपीडी-एस या यंत्रात वादकाला स्वतःचे ध्वनी मुद्रित करता येऊ लागले.

३. लांबीचे गणित

सॅम्पलर प्रतिसेकंद हजारो वेळा ध्वनीची पातळी मोजतो. सीडीच्या दर्जासाठी ही संख्या ४४,१०० आहे. केरवा ताल आठ मात्रांचा आहे. मिनिटाला १२० मात्रा अशी लय धरल्यास एक मात्रा अर्ध्या सेकंदाची आणि आवर्तन चार सेकंदांचे होते. त्यात १,७६,४०० मोजण्या सामावतात. मिनिटाला ११७ मात्रांची लय घेतल्यास मात्र आवर्तनाची लांबी १,८०,९२३ मोजण्या इतकी येते. कानाच्या अंदाजाने ती १,८१,००० वर कापली, तर एका फेरीत दोन सहस्रांश सेकंदांहूनही कमी फरक पडतो आणि तो ऐकू येत नाही. परंतु साठ आवर्तनांनंतर, म्हणजे चार मिनिटांच्या सुमारास, लूप सुमारे पंचमांश मात्रा मागे पडलेला असतो. सोबतचा ताशा तेव्हा उघडच विसंगत वाटू लागतो. म्हणून आधी लय ठरवावी, मग लांबी मोजावी आणि त्यानंतरच कापावे.

मुद्रण करताना एकच आवर्तन वाजवून थांबणे इष्ट नसते. सिंथेसायझरचा स्वर सोडल्यावरही त्याची आस काही काळ रेंगाळते. एकच फेरी मुद्रित केली, तर आरंभी ही आस नसते आणि जोड कानाला टोचते. त्याऐवजी तीच फ्रेज दोनदा वाजवून दुसरी फेरी ठेवावी. तिच्या आरंभात पहिल्या फेरीची आस मिसळलेली असते. कापण्याची जागा लहर शून्य पातळी ओलांडते तेथे घ्यावी, अन्यथा प्रत्येक समेवर ‘टक्’ असा आवाज येतो.

४. थरांची योजना

थर रचणे म्हणजे ध्वनींची गर्दी करणे नव्हे. सामान्यतः तीन थर पुरेसे होतात : खर्जाचा आधार, मध्य सप्तकातील लयीचा स्पंद आणि वरची धून. प्रत्येक थराला आपापले सप्तक दिले, तर ते एकमेकांना झाकत नाहीत. अगदी समान असे दोन ध्वनी एकत्र केल्यास पातळी सहा डेसिबलने वाढते, तर भिन्न पण तुल्यबळ ध्वनींच्या बाबतीत ही वाढ सुमारे तीन डेसिबल असते. म्हणून पहिला थर मुद्रित करतानाच वर जागा राखावी. अंकीय यंत्रात मर्यादा ओलांडली की लहरीचे शेंडे छाटले जातात आणि ही हानी नंतर भरून निघत नाही.

भातखंडे पद्धतीची खूण येथे उपयोगी ठरते. कागदावर आठ मात्रा मांडून पहिलीवर समेचे आणि पाचवीवर खालीचे चिन्ह करावे. प्रत्येक थर कोठे बोलतो आणि कोठे गप्प बसतो, हे त्याखाली लिहावे. खालीच्या विभागात खर्जाचा थर काढून घेतल्यास सम ठळकपणे उठून येते. सगळेच थर सतत वाजत राहिल्यास आवर्तन उरते, पण ताल हरवतो. भिन्न लांबीचे थर घेतल्यास आणखी एक शक्यता खुली होते. दादऱ्याच्या सहा मात्रांचा थर केरव्याच्या आठ मात्रांवर ठेवला, तर दोघांची सम चोविसाव्या मात्रेनंतर पुन्हा एकत्र येते. तिहाई ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्याला ही भेट सहज आनंद देते.

तयार झालेले थर एकत्र करून पुन्हा मुद्रित केले की स्मृतीतील जागा मोकळी होते. पण नंतर त्यांतील एखादाच थर वेगळा काढता येत नाही. म्हणून मूळ थर निराळे जपून ठेवावेत. जुन्या पद्धतीच्या सॅम्पलरमध्ये ध्वनी एक सप्तक वर नेल्यास त्याची लांबी निम्मी होते, हेही योजना करतानाच विचारात घ्यावे लागते.

५. सम कोणाच्या हाती?

खोलीत बसून रचलेला लूप रस्त्यावर आला की खरा प्रश्न उभा राहतो. मिरवणुकीतील लय स्थिर नसते. चढण लागली, गर्दी थबकली किंवा नाचणारे रंगात आले की ढोल-ताशे लय बदलतात. स्वतःच्या घड्याळावर चालणारा लूप हा बदल ओळखू शकत नाही. अशा वेळी वादकांना यंत्रामागे चालावे लागते आणि जिवंत ठेका केवळ शोभेपुरता उरतो. यावर एक उपाय आहे. लूप एका आवर्तनापेक्षा लांब ठेवू नये आणि प्रत्येक समेवर तो पॅडवर आघात करून नव्याने सुरू करावा. लय वाढली तर शेवटचा अंश कापला जातो, घटली तर किंचित पोकळी राहते. पण सम ढोलवादकाचीच राहते. ही पोकळी टोचू नये म्हणून अखेरच्या मात्रेवर मोठा आघात न ठेवता विरत जाणारा स्वर ठेवणे श्रेयस्कर.

तात्पर्य, सॅम्पलर पुनरावृत्ती अचूक करतो. परंतु समेवर येण्याचा क्षण त्याला कळत नाही, तो माणसालाच ठरवावा लागतो. धुमालच्या गाडीवर पॅड वाजविणाऱ्याचा हात जोवर गाडीसोबत चालणाऱ्या ढोलाकडे कान देऊन पडतो, तोवर लूपला आवर्तन म्हणावयास हरकत नाही.