औषधाची पिशवी कुणाच्या हातात?

मिशनरी डॉक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे परदेशातून आलेला गोरा साहेब येतो. मिरजेला १८९४ मध्ये रुग्णालय सुरू करणारे विल्यम वॉन्लेस तसे होतेही. पण आज आपण बोलणार आहोत ते आपल्याच देशातल्या एका ख्रिस्ती डॉक्टर जोडप्याबद्दल, म्हणजे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांच्याबद्दल. प्रश्न एकच घेऊ. गरिबाघरचं मूल जगवायचं असेल, तर डॉक्टरनं आपलं ज्ञान वापरायचं कसं?

दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. १९६० साली लग्न झालं तेव्हाच खेड्यातल्या गरिबांसाठी काम करायचं त्यांनी ठरवलं होतं. हा निर्णय त्यांच्या श्रद्धेतून आला होता आणि ते तो लपवत नसत. आधी ते नगर जिल्ह्यातल्या वडाळा मिशन हॉस्पिटलात रुजू झाले. तिथं रुग्णांची रीघ लागे. पण एक गोष्ट त्यांना खटकू लागली. जुलाबातून बरं होऊन घरी गेलेलं मूल काही दिवसांनी पुन्हा तेच दुखणं घेऊन येई. कसं येणार नाही? घरचं पाणी तेच होतं आणि पोटही तसंच अर्धं रिकामं.

मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून ते परतले आणि १९७० मध्ये जामखेडसारख्या दुष्काळी तालुक्यात त्यांनी काम सुरू केलं. शिकलेल्या नर्स खेड्यात एकट्या राहायला तयार होईनात. तेव्हा गावातल्याच बाया निवडल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत, आणि परत जाऊन गावाला शिकवत.

काय शिकत? बघा, जुलाबानं मूल दगावतं ते बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यानं. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. हे घोट घोट पाजत राहायचं, अंगावरचं दूध बंद करायचं नाही. नाळ स्वच्छ ब्लेडनंच कापायची, तिला शेण-राख लावायची नाही, म्हणजे धनुर्वात टळतो. याला एमबीबीएस लागत नाही. मात्र मूल ग्लानीत गेलं, शौचातून रक्त पडलं, तर ताबडतोब दवाखाना गाठायचा. तिथं डॉक्टरच हवा.

कुणी विचारेल, ही सेवा धर्मासाठी की माणसासाठी? उपचाराला धर्माची अट नव्हती. उलट वेगवेगळ्या जातींच्या बाया प्रशिक्षणाला एकत्र बसत, एकत्र जेवत, आणि त्या काळी त्या भागात ही साधी गोष्ट नव्हती.

परिणाम काय झाला? सुरुवातीला त्या गावांत हजार जन्मांमागे सुमारे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हा आकडा विसाच्या आसपास आला. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. काम मात्र पुढे चालू राहिलं.

आता आपल्या उपनगरांकडे या. मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांतून हॉस्पिटल रिक्षाच्या अंतरावर आहे. पण तापलेल्या पोराला घेऊन रांगेत उभं राहायचं म्हणजे आईचा रोज बुडतो. मग ती थांबते, उद्या बघू म्हणते, आणि त्या एका दिवसात दुखणं हाताबाहेर जातं. तिच्या दारापर्यंत पोचणारी व्यक्ती म्हणजे खांद्याला पिशवी लावून जिने चढणारी आरोग्य सेविका.

आपल्यापैकी जे डॉक्टर आहेत, नर्स आहेत, त्यांना आमचं एवढंच सांगणं. महिन्यातला एखादा रविवार मोफत तपासणी जरूर करा. पण त्यातला तासभर त्या सेविकेसोबत बसा. तिला काय अडतं ते विचारा, आणि तुम्हाला येतं ते तिला शिकवा. तुम्ही घरी गेल्यावरही ती त्याच गल्लीत असणार आहे.