रागाचं जनुक कुठे असतं?

‘बापावर गेलाय, तापटपणा रक्तातच आहे’ असं आपण सर्रास म्हणतो. त्यात तथ्य आहे, पण त्यावर रचलेल्या समजुतींत फारसं नाही.

गैरसमज : भावना ठरवणारं एकच जनुक असतं.

याला खतपाणी खुद्द शास्त्रज्ञांनी घातलं. सेरोटोनिन हे रसायन मेंदूच्या पेशींत परत ओढून घेणारं एक प्रथिन असतं. त्याच्या जनुकाचे दोन प्रकार, आखूड आणि लांब. न्यूझीलंडमधल्या डनेडिनच्या ८४७ तरुणांवरचा अभ्यास २००३ मध्ये आला : नोकरी जाणं, प्रेमभंग असे धक्के बसले की आखूड प्रकारवाले नैराश्यात जास्त जातात. कथा इतकी नेटकी की शोधनिबंधांची रांगच लागली. मग २००९ मध्ये १४ अभ्यासांतल्या १४,२५० जणांची माहिती एकत्र केली, तर जनुकाचा परिणाम दिसेना. धक्क्यांचा मात्र ठळक दिसला. २०१९ मध्ये अशा १८ ‘नामांकित’ जनुकांची लाखो लोकांच्या माहितीवर पडताळणी झाली. कुठलीही ऐरीगैरी जनुकं उचलली असती तरी निकाल तोच आला असता. तरीही लाळेच्या नमुन्यावरून स्वभाव सांगणारे अहवाल विकले जातातच. पैसे वाचवा.

वस्तुस्थिती : प्रभाव असतो, पण हजारो बारीक फरकांचा मिळून. एकेकट्याचा जवळजवळ नगण्य.

गैरसमज : नैराश्य ३७ टक्के आनुवंशिक, म्हणजे माझ्या दुःखात ३७ टक्के वाटा आईवडिलांचा.

वस्तुस्थिती : जुळ्यांच्या अभ्यासांतून आलेला हा आकडा माणसामाणसांतल्या फरकाचा आहे, एका माणसाच्या मनाचा नव्हे. उद्या सगळ्यांनाच सारखं सुरक्षित बालपण मिळालं तर परिस्थितीमुळे पडणारा फरक घटेल आणि हा टक्का चक्क वाढेल, जनुकं तीच असताना.

गैरसमज : मग एकट्या जनुकाने कधीच काही होत नाही.

वस्तुस्थिती : क्वचित होतं. स्कॉटलंडमधल्या एका बाईंच्या हातावर साठी उलटल्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. नंतर दुखणार म्हणून सगळे तयारीत, पण बाईंना वेदनाशामक जवळपास लागलंच नाही. तपासात आनंदामाइड हे रसायन मोडणाऱ्या यंत्रणेशी निगडित जनुकीय बदल सापडले. त्यांच्या शरीरात ते भरपूर साठतं. चिंता आणि नैराश्याच्या प्रश्नावल्यांत त्यांना शून्य गुण पडले. मात्र हात भाजला तर कळतं ते मांस जळल्याच्या वासावरून, आणि विसरभोळेपणा जुनाच आहे.