कार्मेलचा डोंगर आणि कोकणातला एलियाहू

नांदगाव म्हटलं की आम्हा सिंधुदुर्गकरांना आठवतं ते कणकवली तालुक्यातलं, मुंबई-गोवा महामार्गावरचं आमचं गाव. कोकण रेल्वेच्या स्थानकावरही ‘नांदगाव रोड’ अशी पाटी आहे. पण याच नावाचं दुसरं एक गाव रायगड जिल्ह्यात, मुरूडजवळ समुद्रकाठी आहे. तिथे बेने इस्रायलांची, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंची जुनी वस्ती होती. गावावरून त्यांनी नांदगावकर हे आडनाव घेतलं. केहिमकर, रोहेकर, पेणकर ही त्यांची आडनावंही तशीच, गावांवरून आलेली.

या मराठी ज्यूंचा लाडका संदेष्टा एलियाहू हन्नाबी. त्याचं नाव ज्या डोंगराशी कायमचं जोडलं गेलं, तो कार्मेल. मराठी बायबलात त्याला ‘कर्मेल’ म्हटलं आहे. शाळांच्या आणि चर्चच्या पाट्यांवर आपण हे नाव रोज वाचतो, पण हा मुळात डोंगर आहे हे फारच थोड्यांना ठाऊक असतं.

इस्रायलच्या वायव्येला भूमध्य समुद्रात घुसलेली ही डोंगररांग. सर्वांत उंच माथा 546 मीटरचा, म्हणजे आपल्या आंबोलीपेक्षाही बुटका. पण समुद्राच्या ओलाव्यामुळे त्याच्या उतारांवर दाट हिरवाई असते, आणि नावाचं मूळही या हिरवाईतच आहे. हिब्रूत ‘केरेम’ म्हणजे द्राक्षमळा. ‘एल’ म्हणजे देव. म्हणून ‘देवाचा मळा’ असा अर्थ परंपरेने सांगितला जातो. अनेक भाषाभ्यासकांच्या मते मात्र शेवटचा ‘ल’ हा देव नसून जुना प्रत्यय आहे. मला हेच अधिक पटतं, कारण बायबलात ‘कार्मेल’ हा शब्द डोंगराचं नाव नसतानाही येतो. तिथे त्याचा अर्थ बागायती, सुपीक जमीन असा होतो.

त्याच शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो: नुकतं भरलेलं, कोवळं धान्य. लेवीय या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात आज्ञा आहे की नव्या पिकाचं अर्पण होईपर्यंत भाकर, भाजलेलं धान्य आणि हे कोवळं ‘कार्मेल’ खाऊ नये. आपल्याकडे नवं करतात तेव्हा भाताच्या लोंब्या आधी देवापुढे ठेवतात, दाराला बांधतात, मगच नव्या तांदळाचा भात पानात येतो. त्यामागचा भाव वेगळा नाही. शेतकऱ्याने डोंगराला दिलेलं हे नाव आहे, असं मी मानतो.

याच डोंगरावर, दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी, एलियाहूने बआल या देवाच्या पुजाऱ्यांना आव्हान दिलं. त्यानंतर समुद्रातून तळहाताएवढा ढग वर आला आणि पाऊस कोसळला, अशी कथा बायबलातल्या ‘राजे’ या पहिल्या पुस्तकात आहे. अरबीत या डोंगराला ‘जबल मार इल्यास’, म्हणजे संत एलियाचा डोंगर म्हणतात. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या ख्रिस्ती तपस्व्यांना नियमावली मिळाली. त्यांचा कार्मेलाइट संघ पुढे युरोपात आणि भारतात पसरला. 1720 मध्ये मुंबईच्या कॅथलिकांची धुराही कार्मेलाइटांकडे आली. शाळा-चर्चच्या पाट्यांवरचं नाव या संघाच्या परंपरेतून आलं आहे.

बेने इस्रायलांकडे एलियाहू या वाटेने आला नाही. नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेली सात जोडपी ही आपले पूर्वज, असं ते सांगतात. घाण्यावर तेल काढायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावर खुणा आहेत. स्वर्गाकडे जाताना एलियाहूच्या रथाची चाकं आणि घोड्यांच्या टापा तिथे उमटल्या, अशी श्रद्धा आहे. नवस फेडताना, साखरपुड्याला, नव्या घरात जाताना त्याच्या नावाने मलिदा होतो: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सोबत फळं. माघाच्या सुमारास त्याचा उरूसही भरतो. त्यांच्या इतर सणांची नावंही अशीच आपली आहेत: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण.

1948 नंतर बहुसंख्य कुटुंबं इस्रायलला गेली. 1964 साली त्यांच्या पूर्ण ज्यूपणाला तिथे मान्यता मिळाली. आज कोकणात मोजकीच घरं उरली आहेत.

वाचकांना एक विनंती. तुमच्या गावात शनिवार तेल्यांचं घर, घाणा किंवा दफनभूमी कुठे होती हे जाणणारं कुणी वयस्कर माणूस असेल, तर या दिवाळीत त्यांच्याजवळ बसा आणि ते सांगतील ते लिहून ठेवा.