लुगडे कोणत्या सालचे?

परगावी आपल्यासारखाच नादिष्ट भेटला म्हणजे माणसाला नातलग भेटल्याचा आनंद होतो. टपालाची तिकिटे जमविणाऱ्यांचे असे होते, बुद्धिबळे खेळणाऱ्यांचे होते, तसेच ते जुन्या पोशाखाच्या हौशी मंडळींचेही होते. नागपूरच्या दक्षिणेस मनीषनगर ओलांडले की बेसा लागते. एके काळचे हे शेताशिवाराचे गाव आता शहराच्या पोटात शिरले आहे. तेथल्या आम्ही चौघीजणी गेली काही वर्षे जुनी लुगडी, जुन्या चोळ्या, त्यांची शिवण आणि नेसण यांच्या मागे लागलो आहोत. घरची मंडळी आम्हांला ‘नाटक कंपनी’ म्हणतात. म्हणोत बापडी! आमच्यापैकी एकीची भाची इंग्लंडात ब्रिस्टलला राहते. तिच्यामुळे जवळच्याच बाथ या गावी तिथल्या पोशाखवेड्यांच्या मेळ्यात जाण्याचा योग आम्हांला आला. तिथे एका बाईने आम्हांला जो प्रश्न केला, त्याचे उत्तर आम्हांला देता आले नाही. तो प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, एवढ्यासाठी हा लेख.

बाथ हे उन्हाळ्यांचे, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव. जेन ऑस्टिन ही कादंबरीकर्ती 1801 ते 1806 या काळात तेथे राहिली, आणि तिच्या दोन कादंबऱ्यांतील बराचसा भाग या गावात घडतो. 2001 सालापासून तेथे तिच्या नावाने सप्टेंबरात उत्सव भरतो. त्यात शेकडो स्त्रीपुरुष तिच्या काळचा पोशाख करून गावातून मिरवतात. 2009 साली असे 409 लोक एकत्र जमल्याचा जागतिक विक्रम नोंदला गेला आणि 2014 साली ती संख्या 550 वर गेली. आम्ही जिथे भेटायचे ठरविले होते ती जागा म्हणजे रॉयल क्रेसेंट. चंद्रकोरीसारख्या वळणात एकाला एक लागून उभी असलेली ही तीस घरे 1767 ते 1774 या काळात बांधली गेली. समोर मोठी हिरवळ आहे. दुधात चिमूटभर हळद टाकावी तशा रंगाच्या त्या दगडापुढे पांढऱ्या झग्यांतल्या बायका उभ्या राहिल्या, म्हणजे आपले साल कोणते याचा क्षणभर विसर पडतो.

ही मंडळी दुकानातून तयार कपडे आणून घालीत असतील, असा आमचा समज होता. तो तेथे पार पुसला गेला. त्यांतल्या पुष्कळजणी महिनामहिना बसून हाताने शिवतात. प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला त्यांचा एकच सवाल असतो : हे त्या सालात होते काय? सेफ्टी पिन चालत नाही, कारण तिचे पेटंट 1849 सालचे. झगमगीत जांभळा रंग चालत नाही, कारण पर्किनने रासायनिक जांभळा रंग शोधला तो 1856 साली. शिवणयंत्राची टीप दिसेल अशा जागी आली तर बाई ओशाळते. हे सोवळे आम्हांला प्रथम हास्यास्पद वाटले. मग ध्यानात आले की या सोवळ्यामुळेच त्यांना आपल्या पणज्यांच्या हातांची रीत कळली आहे. ज्याला टाचणी नाही तो झगा नाडीने कसा आवळावा, खिसा नाही तर किल्ल्या कोठे ठेवाव्या, हे पुस्तकात वाचून समजत नाही, अंगावर घालूनच समजते.

आणि गंमत अशी की त्या झग्यांत आपलाच देश शिवलेला होता. त्या काळच्या उंची झग्यांची मलमल हिंदुस्थानातून जाई. ‘नॉर्दँगर अ‍ॅबी’ या कादंबरीत एक तरुण आपल्या बहिणीसाठी अस्सल हिंदी मलमल वाराला पाच शिलिंगांनी घेतल्याची फुशारकी मारतो, ती या बाथमध्येच. खांद्यावरची शाल काश्मिरी, नाहीतर तिची नक्कल. ती नक्कल स्कॉटलंडमधील पेस्ली गावी इतकी विणली गेली की आपल्या कोयरीला सारे जग आज त्या गावाच्या नावाने ओळखते. एका बाईच्या शालीवर बोट ठेवून आम्ही ‘कोयरी’ म्हणालो, तिने तो शब्द चार वेळा घोकला आणि वहीत उतरून घेतला.

आम्ही नेसलो होतो करवतकाठी. टसराचे हे वस्त्र आमच्या विदर्भाचे. ऐन आणि अर्जुन यांच्या पानांवर वाढलेल्या किड्यांच्या कोशांतून त्याचा धागा निघतो, आणि काठाचा रंग अंगाच्या रंगात करवतीच्या दात्यांसारखा घुसलेला असतो. त्यासाठी विणकराला तीन धोटे चालवावे लागतात; काठाचे आणि अंगाचे सूत दर फेरीला एकमेकांत अडकवावे लागते. हे सांगताना आमच्याभोवती घोळका जमला. काष्टा कसा घालतात हेही दाखविले. त्या दिवशी पाऊस भुरभुरत होता आणि बाथचे रस्ते चढउताराचे. झगेवाल्यांचे घेर भिजून जड झाले, आणि आम्ही चौघी ढांगा टाकीत पुढे! नऊ वार कापडात एक टाचणी नाही, एक टाका नाही, तरी ते सुटत नाही, याचे त्यांना फार नवल वाटले.

तेवढ्यात एका वयस्क बाईने विचारले, “हे लुगडे कोणत्या सालच्या पद्धतीचे?”

आम्ही एकमेकींकडे पाहिले. लुगडे गेल्या दिवाळीचे होते. नेसण आईकडून आलेली. चोळी म्हणजे हुक लावलेले पोलके, तेही यंत्रावर शिवलेले. जेन ऑस्टिन 18 जुलै 1817 रोजी वारली. त्या वर्षी नागपुरात आप्पासाहेब भोसल्यांचे राज्य होते. त्या सालची नागपूरची बाई लुगडे नेमके कसे नेसत होती, पदर कोणत्या खांद्यावरून घेत होती, चोळीची गाठ कोठे मारीत होती? आम्हांला सांगता येईना. “फार जुनी पद्धत आहे,” असे आम्ही पुटपुटलो. बाई सभ्य होती, ती हसली नाही.

‘परंपरा’ हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. नऊवारी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे राजा रविवर्म्याची चित्रे येतात. पण त्याचा छापखाना मुंबईत निघाला तो 1894 साली. त्याच्या मागे जावे तर पुण्याच्या गंगाराम तांबटाने इंग्रज वकील मॅलेट याच्यासाठी काढलेली चित्रे आहेत, परंतु त्याची नजर लेण्यांवर, तालीमबाजांवर, पेशव्यांच्या गेंड्यावर. वाड्यांच्या भिंतींवरची चित्रे आहेत, तीही ओलीने पोपडे धरीत आहेत. उरली चित्रपटांतली नऊवारी आणि दुकानात मिळणारी शिवलेली, पायजम्यासारखी चढविण्याची नऊवारी. ती सोयीची आहे, तिच्यावर आमचा राग नाही. मात्र तिला पेशवाई म्हणू नये.

बाथमध्येही हे ज्ञान आपोआप टिकलेले नाही. डोरिस लँग्ली मूर नावाच्या बाईंनी आयुष्यभर जमविलेले जुने कपडे दिले, त्यांतून तेथे 1963 साली पोशाखांचे संग्रहालय उभे राहिले. 2022 साली ते त्या जागेतून हलले, पण कपडे जपलेले आहेत. आपल्याकडे आजीचे लुगडे फाटले की त्याची गोधडी होते. गोधडीची ऊब कोण नाकारील? पण पुरावा त्या टाक्यांखाली जातो.

मिरवणूक निघाली तेव्हा पुढे लाल डगल्यांतले शिपाई नगारा वाजवीत चालले. लोक टाळ्या पिटीत होते. आमच्या मनात मात्र सीताबर्डीची टेकडी उभी राहिली. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817, जेन ऑस्टिनला जाऊन चार महिने झाले होते, आणि त्या टेकडीवर आप्पासाहेबांची फौज कंपनीच्या फौजेपुढे हरली. कंपनीच्या त्या लाल डगल्यांत बहुतेक हिंदी शिपाईच होते, हेही आठवले. टाळ्या वाजवाव्या की नाही, यावर आम्हां चौघींचे एकमत झाले नाही. दोघींनी वाजविल्या.

परत आल्यावर आम्ही बेशातल्या आणि उमरेडच्या म्हाताऱ्या बायकांकडे जाऊ लागलो आहोत. नेसताना प्रत्येक दुमड कागदावर काढून घेतो, जुनी चोळी मिळाली तर उसवू न देता तिचे माप घेतो. एका घरी पेटीच्या तळाशी हाताने शिवलेली, पुढे गाठ मारण्याची चोळी निघाली. बगलेला वेगळ्या कापडाचा चौकोनी तुकडा जोडलेला आहे. तो कशासाठी, हे घरातल्या कोणालाच ठाऊक नव्हते. आम्ही तशीच एक शिवून अंगात घातली आणि हात वर केला, तेव्हा कळले.