रुग्णशय्या आणि प्रयोगशाळा

समजा, येळ्ळूरच्या एखाद्या शेतकऱ्याच्या गालाच्या आतील बाजूस जखम झाली आहे आणि ती काही केल्या भरत नाही. तंबाखूची चिमूट तो वर्षानुवर्षे तेथेच धरीत आला आहे. बेळगावचे डॉक्टर जखमेचा लहानसा तुकडा तपासावयास पाठवितात, निदान होते आणि उपचार सुरू होतात. तरीही एक प्रश्न उरतोच: हा रोग त्याच जागी का झाला? उपचार वैद्याने करावेत आणि कारण संशोधकाने शोधावे, अशी वाटणी आपण सहज करून टाकतो. कर्करोगाच्या बाबतीत ती अपुरी पडते.

परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा त्याच्या प्रयोगशाळांची व संशोधनाची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. ते विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. रोगग्रस्त पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करणे हे त्यांचे काम. परंतु निदानापाशी ते थांबले नाहीत. मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केला आणि पानतंबाखू चघळण्याच्या सवयीकडे लक्ष वेधले. १९५२ साली निघालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. पुढे १९६६ साली हे केंद्र व रुग्णालय एकाच संस्थेत आणण्यात आले.

याच संस्थेतील शल्यचिकित्सक डॉ. राजेंद्र बडवे यांचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठीला धक्का लागून कर्कपेशी शरीरात पसरत असतील काय? हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या मेजापाशीच सुचावा असा. त्यांनी व सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १,६०० स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटात शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती बधिरतेचे साधे औषध टोचले, दुसऱ्यात ते दिले नाही. बाकी उपचार सारखेच होते. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले होते. औषध जुने आणि स्वस्त होते. नवा होता तो प्रश्न.

म्हणून अशा डॉक्टरची नेमणूक करताना केवळ पदव्या पाहून भागत नाही. रुग्णालयाने त्याला संशोधनासाठी आठवड्यातील ठरावीक वेळ राखून दिला पाहिजे. रुग्णांच्या नोंदी नीट ठेवणारा लेखनिक, संख्याशास्त्रज्ञ आणि प्रयोगशाळा यांची जोड हवी. दिवसाला किती रुग्ण तपासले, एवढ्याच मापाने त्याचे काम मोजले, तर बाह्यरुग्ण विभागाची रांग संशोधनाला गिळून टाकते.

त्याच्याकडूनही एक हमी घ्यावयाची असते. रुग्ण हा प्रथम रुग्ण आहे. प्रयोगात घेण्यापूर्वी त्याला त्याच्या भाषेत सारे समजावून सांगून संमती घ्यावी. त्याने नकार दिला तरी उपचारात तसूभरही उणे पडता कामा नये. हा विश्वास तुटला, तर रुग्णही जातो आणि संशोधनही.

भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग अग्रभागी आहे, आणि निपाणीचा परिसर तर तंबाखूचीच पेठ. परदेशातील प्रयोगशाळांना आपल्या गालातील जखमेची निकड तितकी भासत नाही. ती ज्याच्यासमोर रोज येऊन बसते, त्यानेच तिचे कारणही शोधावयास हवे.